भाताखालचं ओकायामा

ओकायामाला मी आजतागायत गेलेले नाही. पण त्यामुळे माझं काही अडत नाही. मी पुण्याची आहे, आणि न पाहिलेल्या गावाबद्दल ठामपणे बोलायची आम्हाला सवय असते.

पुण्यात सिंहगड रस्त्याला एक जपानी बाग आहे. जपानमधल्या ओकायामा नावाच्या शहरात तीनशे वर्षांपूर्वीची एक नावाजलेली बाग आहे, तिच्या धर्तीवर केलेली. आम्ही तिला बाग वगैरे म्हणायचोच नाही, नुसतं ओकायामा म्हणायचो. माझे वडील रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी ‘ओकायामाला जाऊन येतो’ असं सांगून निघायचे आणि सव्वा तासात भाजी घेऊन परत यायचे. लग्न ठरायच्या आधी नवऱ्याला मी दुसऱ्यांदा भेटले तेही तिथेच. आम्ही हिरवळीच्या कडेला टेकलो, तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी वाजली, उठलो, आणि उरलेलं बोलणं चालत चालत झालं. त्याच्या स्वभावात नंतर जे जे सापडलं, ते बसून बोललो असतो तर आधीच कळलं असतं, असं माझं मत आहे.

पुढे नवऱ्याच्या नोकरीने आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आलो. पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणालं, इथे एक जपानी बाग आहे, बघून या. गेलो. तोच तलाव, तसाच पूल, तेच गलेलठ्ठ रंगीत मासे. चौकशी केली तेव्हा कळलं की सॅन होजे आणि ओकायामा ही भगिनी शहरं आहेत आणि ही बागही त्याच मूळ बागेवरून बेतलीय. म्हणजे अस्सल कागद न बघता त्याच्या दोन झेरॉक्स माझ्या बघून झाल्या. इथे कुणी शिट्टी वाजवली नाही, त्यामुळे मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मग आम्ही घर घेतलं, तर शेजारच्या घरात खुद्द ओकायामाच निघालं. एक जपानी बाई तिथे एकट्या राहायच्या. तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढे, उंचीला माझ्या खांद्याला, आणि झाडू मारताना पाठ अशी ताठ की आपल्याला पोक आल्यासारखं वाटावं. जन्म ओकायामाचा. नवरा सॅन होजेतच जन्मलेला, जपानी आईबापांचा. त्याच्याशी लग्न करून त्या इकडे आल्या होत्या. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा फिनिक्सला होता. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. पांढरे केस दिसले की आजी म्हणायचं, एवढं तिला आम्ही शिकवलं होतं. तिने कुंपणातून ‘आजी’ अशी हाक मारली आणि बाईंनी ‘येस’ म्हणून ओ दिली. तेव्हापासून त्या आम्हा सगळ्यांच्या आजी झाल्या. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, शब्द वाया न घालवणारं. इथे मी ते मराठीत सांगतेय.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कुंपणापाशी सांगून टाकलं होतं की आम्ही मासे, मटण, अंडं काही खात नाही. आमची पद्धतच आहे ती. आधी काय खात नाही ते सांगायचं, मग नाव. आजींनी मान हलवली होती.

त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला आजी एक डबा घेऊन दारात आल्या. लाकडी डबा, बाहेरून काळा, आतून लाल, हात फिरवत राहावंसं वाटेल इतका गुळगुळीत. म्हणाल्या, ओकायामाची सुशी. मी झाकण उघडलं तर आत नुसता पांढरा सपाट भात. आजींनी हात पुढे केला आणि पंजा उलटा करून दाखवला. मला वाटलं, फार काही नाही, आपलं असंच, असं म्हणतायत. मी ‘कशाला उगाच त्रास घेतलात’ याचं जमेल तेवढं इंग्रजी केलं आणि डबा घेतला.

सुशी म्हणजे मासा, आणि तोही कच्चा, एवढं ज्ञान मला होतं. वर भात असला म्हणून काय झालं, खाली कुठेतरी तो असणारच. मी सांगितलं होतं खरं, पण म्हाताऱ्या माणसाच्या किती लक्षात राहणार, असं मी नवऱ्याला म्हटलं. डबा तसाच परत केला तर अपमान, कचऱ्यात टाकावा तर अन्न. शेवटी आमच्या ऑफिसात एक मालवणची मैत्रीण होती, तिला मी डबाच नेऊन दिला. तिने दुसऱ्या दिवशी ‘छान होतं हं’ म्हणून डबा परत केला. विषय मिटला.

पण आजींना डबा परत द्यायचा राहिला होता. आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी बेसनाचे लाडू केले, डबा भरला आणि नेऊन दिला. आपल्यात असं असतं म्हणून सांगितलं तर आजी म्हणाल्या, आमच्यातही असंच असतं. म्हणजे पुढच्या वर्षी डबा पुन्हा येणार हे नक्की झालं.

असा तो अकरा वर्षं आला. दर पाडव्याला आमच्या फ्रीजमध्ये एक रात्र मुक्काम करायचा आणि सकाळी मालवणला जायचा. आजी विचारायच्या, आवडलं का. मी म्हणायचे, खूप. पहिल्या वर्षी हे म्हणताना जीभ थोडी अडखळली होती. तिसऱ्या वर्षापासून मलाच खरं वाटायला लागलं.

मधे एका वर्षी डबा आला आणि नेमकी दुसऱ्या दिवशी एकादशी. लाडू करायला वेळ नव्हता, घरात रताळी होती. त्यांचे काप करून तुपावर परतले, गूळ घातला, वेलची घातली, झाकण ठेवून छान मऊ केले आणि डबाभर नेले. आजींनी झाकण उघडलं, पाहिलं, झाकण लावलं, थँक्यू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. एरवी दारात दहा मिनिटं बोलायच्या. मला रागच आला. एवढं निगुतीने करून नेलं, बघताना चेहरा तरी जरा बरा ठेवायचा. घरी येऊन मी बराच वेळ भांडी आपटली. पुढच्या वर्षीपासून मुकाट्याने लाडू.

गेल्या दिवाळीत आजी बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा फिनिक्सहून आला आणि म्हणाला की आता पुरे, मार्चअखेर आमच्याकडे यायचं. घर विकायला काढलं.  आजी अंगण जरा जास्तच झाडायला लागल्या.

नंतरच्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. आता ती पंधरा वर्षांची घोडी झालीय. जगातलं कुठलंही एक मध्यम आकाराचं शहर घ्यायचं आणि त्याचा परिचय आणि इतिहास लिहायचा. एक जिवंत माणूस गाठून मुलाखत घेणं सक्तीचं होतं. मी म्हटलं सोलापूर घे, मामा आहे. तिने ओकायामा घेतलं, कारण ओकायामा चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

इंटरनेटवरून तिने आधीच बरंच जमवलं होतं. वस्ती सात लाखांच्या आसपास. मी म्हटलं, म्हणजे सोलापूरपेक्षा लहानच. तिने ते लिहून घेतलं नाही. ऊन भरपूर, पाऊस बेताचा. रस्त्यातून ट्राम जाते. पांढरी पीच प्रसिद्ध, आणि ती झाडावरच एकेक कागदी पिशवीत घालून वाढवतात. एवढं घेऊन आम्ही दोघी एका शनिवारी सकाळी आजींच्या स्वयंपाकघरात बसलो. मी उगाच गेले होते. मुलीच्या प्रोजेक्टमध्ये लुडबुड करायची मला खोड आहे.

आजींनी टेबलावर बोटाने नदी काढली. सरळ येणारी नदी तिथल्या जुन्या सरदारांनी मुद्दाम वळवून किल्ल्याला वळसा घालायला लावली, म्हणजे शत्रू आला की आधी पाण्यात पडेल. नदीच्या अलीकडे किल्ला, पलीकडे ती बाग. किल्ला काळाकुट्ट, म्हणून लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. आता तो काँक्रीटचा आहे आणि आत लिफ्ट आहे. जुना जळला. कधी जळला, असं मुलीने विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, मी सात वर्षांची असताना, आणि लगेच ट्रामबद्दल बोलायला लागल्या.

मग त्यांनी डबा काढला. तोच. म्हणाल्या, फार पूर्वी तिथल्या एका सरदाराने हुकूम काढला, असं सांगतात. लोक खाण्यावर फार उधळतात, तर यापुढे जेवणात एक सार आणि एक भाजी, बस्स. मला तो सरदार आपल्या पेठेतलाच वाटला. पण गावकरी त्याच्या वरताण निघाले. त्यांनी डब्याच्या तळाशी चांगलंचुंगलं सगळं भरलं, वरून पांढरा भात दाबून बसवला, आणि कुणी बघितलं तर नुसता भात. खायची वेळ झाली की डबा ताटात उलटा करायचा. असं म्हणून आजींनी हात पुढे केला आणि पंजा उलटा केला.

अकरा वर्षांपूर्वीचा तो पंजा मला तेव्हा कळला. मी खुर्चीत जरा सरळ झाले.

मुलीने विचारलं, खाली मासे घालायचे का. आजी म्हणाल्या, ओकायामात घालतात. पण तुमचा डबा वेगळा. तुझ्या आईने मला कुंपणापाशी सांगितलं होतं, तेव्हापासून त्यात मासा नाही, अंडं नाही. माशाचं पाणीसुद्धा नाही. समुद्रातल्या शेवाळाचं आणि मशरूमचं पाणी काढते. कमळकाकडी, गाजर, मटार, बांबूचे कोंब. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुझ्या आईलाच विचार. अकरा वर्षं खातेय ती. खालचं सगळ्यात काय आवडतं गं तुला?”

“सगळंच,” मी म्हटलं.

आजींना ते उत्तर फार आवडलं. त्यांचा नवरा पण हेच म्हणायचा म्हणे. मुलीने ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना एकदा मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरून दर वर्षी डबा कुठे जातो हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण दोनतीनदा तो गाडीत तिच्याच मांडीवर होता.

आजी डब्यावरून फडकं फिरवत होत्या. म्हणाल्या, हा माझ्या आईचा. मुलाला विचारलं, त्याला नको आहे. सून त्यात टीव्हीचे रिमोट ठेवेल.

“हा तुझ्याकडे राहू दे. माझं गाव अकरा वर्षं कुणाच्या तरी पोटात गेलंय, एवढं मला पुरे आहे.”

मला लाज वाटली. फार खोल वगैरे काही नाही, साधी, कान गरम होतात तशी लाज.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, यू हॅव टू टेल हर.” वर म्हणाली की हे आता तिच्या रिपोर्टमध्ये आलंय, आणि रिपोर्टमध्ये खोटं घातलं तर मार्क जातात. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, पंधरा दिवसांनी त्या जाणार आहेत, आनंदात जाऊ देत. हा माणूस नेहमी असाच बोलतो. मी आधी मालवणच्या मैत्रिणीला फोन लावला आणि विचारलं की बाई, तुला कधी त्या भातात मासा लागला का. ती म्हणाली, कुठला मासा. तिला अकरा वर्षं वाटत होतं की तो भात मीच करते. दर पाडव्याला हिचा काहीतरी प्रयोग फसतो आणि बिचारी मला आणून देते, म्हणून ती नावं न ठेवता खायची. वर म्हणाली, तुझ्या मानाने बरा असायचा.

दोन दिवस मी ते डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. पण डबा डोळ्यासमोर यायचा. न सांगता घेतला असता तर तो माझ्या ओट्यावर जन्मभर माझ्याकडे बघत राहिला असता. आणि सांगितलं तर आजींचं गाव कुणाच्याच पोटात गेलेलं नव्हतं. त्यांच्याकडे जे एवढंसं समाधान होतं, ते मी जायच्या तोंडावर काढून घेणार होते. दोन्हीकडून मीच वाईट ठरत होते, आणि ठरायलाच हवी होते.

सोमवारी गेले. आजी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. बसले नाही, उभ्यानेच सांगितलं.

“आजी, मी तो भात एकदाही खाल्लेला नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही. मासा असेल असं वाटलं.”

आजींनी हातातली कपबशी पूर्ण गुंडाळली, खोक्यात ठेवली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या की मशरूम त्या दोन दिवस भिजवतात. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, कमळकाकडी इथे चांगली मिळत नाही, त्यासाठी जपानी बाजारात दोनदा जावं लागतं. मी म्हटलं, हो. त्यांनी ते कुणाला दिलं म्हणून विचारलं. मी मैत्रिणीचं सांगितलं. तिला मासा चालतो का, असं त्यांनी विचारलं. चालतो म्हटल्यावर आजी म्हणाल्या, मग बिनमाशाचं खाऊन ती काय म्हणाली असेल. 

“आता जा,” आजी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

चार दिवस त्यांच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. मुलीने रिपोर्टमधलं ते वाक्य खोडून ‘लेखिकेच्या आईने हा पदार्थ कधीच खाल्लेला नाही’ असं घातलं आणि मला वाचून दाखवलं. नवरा ‘सांगत होतो’ असं म्हणाला नाही, पण चेहरा तसाच ठेवून फिरत होता. मी कामावर दोन मीटिंगा कॅन्सल केल्या आणि घरी येऊन कपाटं आवरली. त्यांना दुखावलं याचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटूनही काही करता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. आजी म्हणाल्या, दहा वाजता ये, स्वतःचा एप्रन आण.

मी आयुष्यात एवढी बोलणी खाल्लेली नाहीत. सासूबाई महिनाभर राहून गेल्या तेव्हाही नाही. कमळकाकडी जाड कापली म्हणून बोलणी बसली. गाजर वाकडं कापलं म्हणून बसली. भातात व्हिनेगर घालून मी तो आपल्या सवयीने खालीवर ढवळला, तर हातातून डाव काढून घेतला. भात कापल्यासारखा हलवायचा असतो, कालवायचा नसतो. मी एकदा म्हटलं की आमच्याकडे याला लिंबू पिळतात. आजी म्हणाल्या, तुमच्याकडे उलटवून बघत नाहीत. 

डबा भरून झाला. खाली मशरूम, कमळकाकडी, गाजर, मटार, कोंब, सगळं ओळीत लावलेलं. वर भात. त्यावर ओला हात ठेवून आजी दाबत होत्या, आणि दाबता दाबताच, माझ्याकडे न बघता, त्यांनी ते सांगितलं.

युद्ध संपत आलं होतं. जून महिना सरत होता, पहाटेची वेळ होती, विमानं आली आणि शहर पेटलं. आईने त्यांना हाताला धरून नदीकडे पळवलं. उजाडलं तेव्हा त्यांचं घर नव्हतं, ट्रामचा रस्ता नव्हता, कावळ्याचा किल्लाही नव्हता. नदी तेवढी वळण घेऊन होती तशी वाहत होती. नंतर तांदूळ मिळेना. जिथे मोकळी जमीन दिसेल तिथे लोकांनी रताळी लावली. सकाळी रताळं, रात्री रताळं, रताळं संपलं की त्याचा वेल. सणाच्या दिवशी आईला कुठून तरी दोन मुठी तांदूळ मिळाले. तिने डबा भरला. झाकण उघडल्यावर पांढरा भात बघून सात वर्षांची मुलगी नाचली. मग आईने डबा ताटात उलटा केला.

“सरदाराच्या काळात चांगलं खाली लपवायचे. माझ्या आईने वर बोटभर भात लावला आणि खाली रताळं लपवलं.”

त्यानंतर भात मिळायला लागला तेव्हापासून त्यांनी रताळं तोंडात घातलेलं नव्हतं. ऐंशी वर्षं होत आली. मी त्या वर्षी आणलेले काप त्यांनी दार लावल्यावर तसेच हिरव्या कचराडब्यात ओतले होते. हे सांगताना त्यांनी भातावरचा हात काढला नाही. म्हणाल्या, मी तुझ्यावर चार दिवस रागावले, आणि चौथ्या दिवशी मला तो कचराडबा आठवला.

मी म्हटलं, आमच्याकडे रताळं उपासाला खातात. आजींनी विचारलं, उपास म्हणजे न खाणं ना. मी म्हटलं, हो, पण रताळं चालतं. हे त्यांना काही केल्या पटलं नाही. ते कसं केलं होतंस, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काप करायचे, तूप, गूळ, वेलची, झाकण, मंद आच. त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

मग डबा ताटात उलटा केला. वर केला तेव्हा खालचं सगळं वर आलं, मशरूमच्या काळ्या चकत्या, कमळकाकडीची भोकं, हिरवे मटार. पांढऱ्या भातावर ते इतकं सुरेख दिसत होतं की मी अकरा वेळा हे न बघता दिलं याचं मला रडू यायला लागलं. आलं तसं रडले. आजींनी पेपर टॉवेल दिला आणि खायला सांगितलं. मी खाल्लं.

“कसं आहे?”

“जरा गोड आहे,” मी म्हटलं.

आजी म्हणाल्या, बरोबर आहे, ओकायामाचं गोडच असतं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मी दोनदा वाढून घेतलं. मुलीसाठी आणि नवऱ्यासाठी राहिलेलं त्यांनी माझ्याच घरच्या भांड्यात भरून दिलं. डबा धुऊन फडताळात ठेवला. त्याचं काय करणार ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारायचा हक्क मी घालवलेला होता.

जायच्या दिवशी मुलगा सकाळीच गाडी घेऊन आला. सामान आधीच गेलं होतं. मुलीने आजींना रिपोर्टची प्रत दिली. ती त्यांनी उभ्या उभ्या शेवटच्या पानापर्यंत वाचली. माझ्याबद्दलच्या वाक्यापाशी थांबल्या, पेन मागितलं आणि ‘कधीच खाल्लेला नाही’वर काट मारून ‘एकदाच खाल्लाय’ असं लिहिलं. मग घराच्या दाराला कुलूप लावलं, कडी ओढून बघितली, आणि गाडीत बसायच्या आधी सीटवरून एक निळ्या फडक्यातलं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. मी फडक्यावरूनच ओळखलं. डबा होता.

पण दर वर्षी असायचा तेवढा जड नव्हता. आता आमच्यात खरं बोलायचं ठरलंच होतं, म्हणून मी म्हटलं की आजी, डबा हलका लागतोय.

“अर्धं मी खाल्लं,” आजी म्हणाल्या.

मुलाने गाडी सुरू केली. आजींनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पंजा उलटा केला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही तिघं फूटपाथवर उभे होतो.

घरात येऊन मी फडकं सोडलं, झाकण काढलं. डब्याचा अर्धा भाग मधोमध सुरीने सरळ कापून रिकामा केलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यात पांढरा सपाट भात होता, वरून नीट दाबलेला. मुलीने ताट धरलं. मी डबा उलटा केला.

रताळं होतं. गुळाऐवजी ब्राउन शुगर घातलेली, तुपाऐवजी लोणी, वेलची नाहीच, आणि काप एका बाजूने लागलेले. आम्ही तिघांनी ओट्यापाशी उभं राहूनच ते सगळं खाल्लं. मग मी डबा धुतला, पुसला, मुलीला फिनिक्सचा पत्ता शोधायला सांगितलं आणि बेसन भाजायला घेतलं.